हरणाचं पुढे काय झालं?

संयोजकांनी पत्रात विषय लिहिला होता, ‘घरातलं वन्यजीव अनाथालय : काही अनुभव’. आम्ही त्यांना फोन केला आणि म्हटलं, अनुभव नको. अनुभव सांगायला लागलो की तो फुगतो. घुबड पहिल्या वर्षी वीतभर असतं, दहाव्या वर्षी त्याचा गरुड होतो. त्याऐवजी आम्ही या कामावर जे लिहिलं गेलंय, दाखवलं गेलंय, त्याबद्दल बोलू. पुस्तकं, पुराणं, एखाददुसरा चित्रपट. त्यांनी मान्य केलं. तरी अनुभव मधेमधे येणारच, कारण ज्या खोलीत ही पुस्तकं आहेत त्याच खोलीत पंधरा-सोळा वर्षं पिंजरे होते.

आणखी एक खुलासा. आमच्या बोलण्यात ‘आम्ही’ फार येतं. तो जुन्या प्राध्यापकी थाटाचा आहे असं कुणाला वाटेल, आणि थोडासा आहेही. पण मुख्य कारण असं की हे काम आमच्या नाशिकच्या घरात आम्ही दोघांनी मिळून केलं. दोघांचं प्रत्येक बाबतीत एकमत होतं असं नाही. आजचं व्याख्यान बरंचसं त्या न झालेल्या एकमताबद्दलच आहे.

सुरुवात भागवतापासून करू. पाचव्या स्कंधातली भरताची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. राज्य सोडून भरत गंडकीच्या काठी आश्रमात राहतोय. एक गाभण हरणी पाण्यावर येते. सिंहाची गर्जना होते, हरणी घाबरून प्रवाहावरून उडी मारते, त्यातच गर्भ गळून पाण्यात पडतो आणि ती पलीकडे जाऊन मरते. भरत ते पाडस पाण्यातून उचलतो आणि आश्रमात आणतो. तिथून पुढे त्याचे नेमधर्म एकेक करून सुटत जातात. पाडसाला गवत घालायचं, लांडग्यांपासून जपायचं, खाजवायचं, खांद्यावर घ्यायचं. ते जरा दिसेनासं झालं की जीव कासावीस. मरतानाही मनात हरीणच, म्हणून पुढचा जन्म हरणाचा.

ज्याने एकदा तरी घरी पिल्लू वाढवलंय त्याने ही गोष्ट पुन्हा वाचावी. घरगुती प्राणी-अनाथालयाचं इतकं अचूक वर्णन दुसरीकडे क्वचित सापडेल. कामाला लागलेली माणसं सणवार विसरतात, लग्नाला जात नाहीत, दर दोन तासांनी घड्याळ बघतात. भागवतकाराने हे कुठेतरी पाहिलेलं असणार. नुसत्या कल्पनेतून ‘जरा दिसेनासं झालं की’ हा तपशील येत नाही.

आता परंपरेने या गोष्टीचा अर्थ काय लावला? आसक्तीचा धोका. कीर्तनात हेच सांगतात, आम्हीही वर्गात अनेक वर्षं हेच सांगितलं. दया बरी, पण दयेची आसक्ती झाली की मोक्ष हुकला. म्हणजे नुकसान कुणाचं झालं? भरताचं. कथा नंतर भरताच्या पाठोपाठ जाते. त्याचा मृगजन्म, मग ब्राह्मणाच्या घरचा जन्म, मग जडभरत, रहूगण राजाची पालखी, तो सगळा मोठा संवाद. हरणाचा वेगळा अध्याय नाही. मरणाऱ्या भरताजवळ ते मुलासारखं शोक करत बसलं होतं, एवढं भागवत सांगतं. पण माणसाच्या हातचं खाऊन वाढलेलं, कळप न पाहिलेलं, लांडग्याचा वास म्हणजे काय हे न शिकलेलं ते जनावर पुढे काय करणार?

आमचा मुद्दा असा की भरताची चूक त्याने माया लावली ही नव्हे. त्या मायेत हरणाला हरीण होऊ दिलं नाही, ही त्याची चूक. आणि गंमत बघा, कथेला हे कुठेतरी माहीत आहे. मृगजन्मात भरताला पूर्वजन्माची आठवण असते, म्हणून तो आईला सोडून परत त्याच आश्रमाच्या जागी येतो आणि कुणाचीही संगत न धरता मरणाची वाट बघत राहतो. त्याला याचं श्रेय दिलं जातं, वैराग्य म्हणून. पण कळप सोडून माणसाच्या जागेकडे परत येणारं हरीण म्हणजे काय, हे प्राणी सांभाळणाऱ्याला विचारा. ते वैराग्य नव्हे, ते बिघडलेलं हरीण. इंग्रजीत ज्याला ‘इम्प्रिंटिंग’ म्हणतात, कोन्राड लॉरेन्झने बदकांच्या-हंसांच्या पिल्लांवर ज्याचा अभ्यास केला, तेच. जन्मल्यावर जो पहिला हलता जीव दिसेल तो आपल्या जातीचा, असा शिक्का पिल्लाच्या मनावर बसतो आणि काही जातींत तो पुसणं फार अवघड असतं.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात चित्र वेगळं आहे का? कांट घ्या. तो म्हणतो, प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये, कारण त्याने माणूस माणसांशीही निष्ठुर वागायला शिकतो. आपलं कर्तव्य प्राण्याप्रति नाही, प्राण्याच्या निमित्ताने माणुसकीप्रति आहे. आम्ही पस्तीस वर्षं कांट शिकवला, आदराने शिकवला. पण इथे कांट आणि कीर्तनकार एकाच ओसरीवर बसलेत. दोघांच्या दृष्टीने प्राणी म्हणजे माणसाच्या नैतिक प्रवासातलं एक स्टेशन. गाडी थांबते, चहा होतो, गाडी पुढे जाते.

कालिदास त्यांच्यापेक्षा बरा. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते तेव्हा मागून कुणीतरी पदर ओढतं. ते पाडस. त्याचं तोंड कुशाच्या टोकांनी फाटलं होतं तेव्हा तिने इंगुदीचं तेल लावलं होतं, सावे चारून वाढवलं होतं. औषध कोणतं, खाणं कोणतं, जखम कशाने झाली, सगळं आहे. जाताना ती त्याला सांगते की आता वडील तुझी काळजी घेतील. भरताने हे केलं नव्हतं. आमच्या वयात या ओळीपाशी जरा जास्त वेळ थांबायला होतं, त्याचं कारण पुढे येईल.

आता आमच्या गाढवपणाकडे येतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत, एक जुना वाडा पाडताना गव्हाणी घुबडाची दोन पिल्लं मजुरांना सापडली, ती आमच्याकडे आली. एकाला आम्ही स्वच्छ, हाडं काढलेलं मटण बारीक करून घातलं. चांगलं तेच घालावं, ही बुद्धी. घुबड उंदीर अख्खा गिळतं, हाडाकातड्यासकट, आणि न पचलेला भाग गोळी करून ओकतं. ती हाडं हाच त्याचा चुना. नुसत्या मऊ मांसावर तीन आठवड्यांत पिल्लाचे पाय धनुष्यासारखे वाकले. ते गेलं. पशुवैद्य म्हणाले, ‘सर, तुम्ही त्याला उपाशी नाही मारलं, श्रीमंतीने मारलंत.’

दुसऱ्याला मग उंदीर मिळाले. ते वाढलं, देखणं झालं. रात्री पेपर तपासताना टेबलावर येऊन बसायचं, लाल पेनाच्या टोकाकडे मान वाकडी करून बघायचं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना आम्ही ते कौतुकाने दाखवायचो. उडायला लागल्यावर गच्चीवरून सोडलं. सहाव्या दिवशी ते दोन गल्ल्या पलीकडे एका बांधकामावर रखवालदाराच्या खांद्यावर उतरलं. अंधारात, पांढऱ्या तोंडाचं, आवाज न करता. घुबड म्हणजे अपशकुन. त्या माणसाने हातातल्या काठीने मारलं. सकाळी त्यानेच आणून दिलं, कुणीतरी त्याला सांगितलं होतं की प्रोफेसरांचं आहे. तो आमच्यापेक्षा जास्त घाबरला होता. त्याचा दोष नव्हता, आजही नाही असंच म्हणू.

हे सांगायचं कारण साहित्याशी संबंधित आहे. गॅव्हिन मॅक्सवेलचं ‘रिंग ऑफ ब्राइट वॉटर’ हे 1960 चं पुस्तक आम्ही दोघांनी त्याच्या कितीतरी आधी वाचलं होतं. इराकच्या दलदलीतून आणलेलं मिजबिल हे पाणमांजर स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या घरात लेखकाबरोबर राहतं, त्याच्यामागे फिरतं, साधारण वर्षभरात रस्त्यावर काम करणारा एक माणूस त्याला मारून टाकतो. ते पान वाचून आम्ही रडलो होतो. आणि तरी आम्ही तेच केलं. का? पुस्तकात माहिती नव्हती का? होती. माणसाळलेला रानटी प्राणी माणसाला भीत नाही, आणि सगळी माणसं तुमच्यासारखी नसतात, हे त्या पुस्तकात लख्ख आहे. पण ते अशा सुरेख भाषेत आहे की वाचकाच्या हाती दुःख लागतं, धडा लागत नाही. आम्ही दुःख घेतलं, जपून ठेवलं, पुन्हा पुन्हा काढून पाहिलं. त्यातली माहिती मात्र पुस्तकातच राहिली.

या प्रकारच्या लेखनावरचा आमचा मुख्य आक्षेप हाच. प्राण्याचं मरण लेखकाच्या वाट्याला आलेला शोक होतं. वाचक लेखकाचं सांत्वन करतो. प्राणी मधल्यामधे गायब.

जॉय अॅडमसनच्या ‘बॉर्न फ्री’चं उदाहरण आणखी बोलकं आहे. तेही 1960 चंच. एल्सा सिंहीण सगळ्यांना आठवते. केनियात जॉर्ज अॅडमसनच्या गोळीने आई मेल्यावर पोरकी झालेली पिल्लं तीन होती, हे किती जणांना आठवतं? एल्साच्या दोन बहिणी रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात पाठवल्या गेल्या. ते पुस्तकात लपवलेलं नाही. पण तीन बहिणींपैकी एकीचं नाव जगभर झालं आणि दोघींचं आयुष्य गजाआड गेलं, याचा हिशोब वाचक मांडत नाही. अॅडमसन दांपत्याचं श्रेय मात्र मोठं आहे. त्यांनी एल्साला शिकार शिकवण्याचा, सोडण्याचा खटाटोप केला, तिला रानात जोडीदार मिळाला, पिल्लं झाली. घरात वाढलेलं जनावर परत रानात जाऊ शकतं, ही कल्पना सामान्य माणसांपर्यंत नेणारं हे पुस्तक होतं. ते विसरून टीका करणं बरं नव्हे.

मराठीत या विषयाचं नाव घेतलं की हेमलकसा. तिथे लोकबिरादरी प्रकल्प 1973 मध्ये सुरू झाला, आणि प्राण्यांचं अनाथालय त्यानंतर, जवळजवळ अपघाताने. माडिया शिकारी मारलेलं माकड घेऊन चालले होते आणि त्याला बिलगलेलं पिल्लू जिवंत होतं. प्रकाश आमटे यांनी ते पिल्लू मागून घेतलं. हा प्रसंग ‘प्रकाशवाटा’मुळे, मग 2014 च्या चित्रपटामुळे घरोघर पोचला. विलास मनोहर यांचं ‘नेगल’ त्याच्या कितीतरी आधीचं, आणि आमच्या मते या विषयावरचं मराठीतलं सगळ्यात महत्त्वाचं पुस्तक.

पण आपण, म्हणजे नाशिक-पुण्याचे वाचक, या पुस्तकांतून काय घेतलं? बिबट्याशेजारी बसलेला माणूस. तो फोटो. त्या फोटोखाली ‘प्रेमाने वाघही जिंकता येतो’ असं काहीतरी लिहून आपण एकमेकांना पाठवतो. मूळ प्रसंगात काय आहे ते पुन्हा बघा. माडिया माणसं मौजेसाठी शिकार करत नव्हती, पोटासाठी करत होती. त्यांना ‘मारू नका’ असं पोटभर जेवलेल्याने सांगण्यात अर्थ नव्हता. म्हणून बोलणं असं झालं की मोठं जनावर तुम्ही खा, पिल्लू आम्हाला द्या, त्याच्या बदल्यात तांदूळ घ्या, कपडे घ्या. म्हणजे त्या अनाथालयाच्या मुळाशी प्राण्यावरचं प्रेम जितकं आहे तितकाच माणसांच्या भुकेशी केलेला व्यवहार आहे. दवाखाना, शाळा आणि अनाथालय एकाच अंगणात असण्याला कारण आहे. आपण त्यातलं एक पान फाडून घेतलं.

दुसरं असं, की तिथली बरीच जनावरं परत रानात जाऊ शकणारी नव्हती आणि तिथेच जगली. भामरागडच्या त्या परिस्थितीत त्याला दुसरा पर्याय काय होता, हे आम्ही नाशिकमध्ये बसून विचारणार नाही. पण ते अनुकरणाचं उदाहरण नव्हे. आमच्याकडे गेल्या काही वर्षांत जे तरुण येतात, त्यातले निम्मे म्हणतात, ‘सर, आम्हालाही हेमलकशासारखं करायचंय.’ आम्ही विचारतो, तुमच्या फ्रीजमध्ये उंदीर ठेवू देतील का घरचे? मग ते हसतात. आम्ही गंभीरपणे विचारलेलं असतं.

कारण दयेचा पहिला प्रश्न खाण्याचा असतो, आणि तो कुणी लिहीत नाही. घुबडाला उंदीर, घारीला हाडासकट कोंबडीच्या माना, हॅचरीतून टाकून दिलेली एक दिवसाची नर पिल्लं. एक जीव वाचवायला रोज दुसरे जीव. जॉर्ज अॅडमसनने एल्सासाठी किती जनावरं मारली असतील! शाकाहारी घरात आम्ही हे कसं केलं, तो वेगळा विषय आहे. वेगळा सुरा, वेगळा ओटा, आणि सोवळ्याच्या आठवणीने पहिली दोन वर्षं रोज दोनदा आंघोळ.

इथे 2022 च्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या माहितीपटाकडे यायला हवं. शौनक सेन यांचा. सनडान्सला, कानला पुरस्कार मिळाले, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, म्हणून पेपरात आला. दिल्लीत वजिराबादला नदीम आणि सौद हे दोन भाऊ घराच्या तळघरात जखमी घारींवर उपचार करतात. तरुणपणी त्यांनी एक जखमी घार पक्ष्यांच्या धर्मादाय इस्पितळात नेली, तर मांसाहारी पक्षी घेत नाही म्हणून परत पाठवलं. तिथून सुरुवात. शरीरसौष्ठवाच्या नादातून स्नायूंची, शिरांची जी माहिती झाली होती तीच पहिल्यांदा कामाला आली.

आम्हाला हा चित्रपट मनापासून आवडला, आणि कारण सांगतो. त्याच तळघरात त्यांचा साबणाचे डिस्पेन्सर बनवण्याचा धंदा आहे. एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला खोक्यांत घारी. खिमा करायचं यंत्र बिघडतं. परदेशी देणगीची परवानगी अडकते. भावाभावांत धुसफूस होते. एकाला बाहेर शिकायला जायचंय, दुसऱ्याला इथलं कोण बघणार ही चिंता. कुणी घारीला कवटाळत नाही. कुठलीही एक घार नायिका होत नाही. मदतनीस तरुणाचा चष्मा घार झडप घालून पळवते, तो बघत राहतो, बस्स. तिला ह्या माणसांनी आपल्या जातीचे उपकार केलेत वगैरे काही माहीत नाही, आणि चित्रपटाला ते माहीत असावं अशी अपेक्षाही नाही. बाहेर शहर पेटतंय, ते 2020 चे दिवस आहेत, या कुटुंबाला आपण इथले आहोत की नाही असा प्रश्न विचारला जातोय, आणि आत पंखाला टाका घालणं चालू आहे. भरतापासून मॅक्सवेलपर्यंत जे झालं नाही ते इथे होतं: माणूस आणि पक्षी एकाच हवेत श्वास घेणारे दोन जीव राहतात. एक दुसऱ्याचं प्रतीक होत नाही.

तक्रारही आहे. चित्रपट फार सुंदर आहे. सुरुवातीला रात्रीच्या उकिरड्यावरून कॅमेरा इतका हळू सरकतो की उंदीरसुद्धा देखणे दिसतात. घारींच्या खोलीला वास असतो. मांस, विष्ठा, जंतुनाशक आणि ओल्या पिसांचा. तो कपड्यांतून जात नाही, पाहुणे सोफ्याच्या कडेला बसतात. चित्रपटातून वास येत नाही हे खरं, पण येईल असं वाटायला लावता येतं. आणि दुसरी तक्रार, जी जास्त महत्त्वाची: जी घार कधीच उडणार नाही, तिचं काय, हा प्रश्न त्या चित्रपटाच्या मध्यभागी नाही. आमच्या घराच्या मध्यभागी तोच आहे.

नाशिक-येवल्याची संक्रांत तुम्ही जाणता. 2017 मध्ये हरित न्यायाधिकरणाने नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, पण मांजा येतोच. घार थव्याने घिरट्या घालते, तिला दोरा दिसत नाही. नऊ वर्षांपूर्वी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आलेल्या घारीचा डावा पंख मनगटाच्या सांध्यापाशी हाडापर्यंत कापला होता, खालचा भाग काळा पडला होता. तो काढावाच लागला. जखम भरली. भूक उत्तम. पशुवैद्यांनी दोघांना समोर बसवून विचारलं, पुढे काय करायचं ते आत्ता ठरवा, नंतर ठरवणं जमत नाही.

आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं, इंजेक्शन द्यावं. कोण ते सांगत नाही, संध्याकाळी घरी जायचंय. (हशा) युक्तिवाद असा: घारीचं आयुष्य म्हणजे उडणं. शेपटीने सुकाणू धरून तासन् तास वर तरंगणं. ते काढून घेतल्यावर आपण जे वाचवतो ती घार नव्हे, घारीच्या आकाराची आपली दया. दुसऱ्याचं म्हणणं: ती खातेय, पिसं विंचरतेय, उन्हात पंख पसरून बसतेय. तिच्यासाठी काय जगण्यासारखं आहे हे तू कोण ठरवणार? उडता न येणं म्हणजे मरण, हे तुझं काव्य आहे, तिचं नव्हे.

यावर गांधीजींचं उदाहरण आमच्या घरात अनेकदा निघालं. 1928 मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होतं. त्यांनी ते इंजेक्शन देऊन संपवायला लावलं आणि देशभरातून संतापाची पत्रं आली. अहिंसेत मारणं बसू शकतं, असं म्हणण्याचं धाडस त्यांनी केलं, आणि ‘नवजीवन’मधून जाहीरपणे त्याचं समर्थन केलं. पण आम्ही जितकं खोलात गेलो तितकं दिसलं की ते वासरू आमच्या कामाचं नाही. ते वेदनेने तळमळत होतं, मरणारच होतं. आमच्या घारीला वेदना उरली नव्हती, आणि ती मरतही नव्हती. तिथे प्रश्न दुःख संपवण्याचा होता. इथे प्रश्न असा की अपुरं जगणं हे जगणं आहे का, आणि ते ज्याचं आहे त्याला विचारता येत नसेल तर कुणी ठरवायचं? पस्तीस वर्षं नीतिशास्त्र शिकवून आम्हाला याचं उत्तर आलं नाही. डॉक्टरांना आम्ही म्हटलं, आठवडाभर थांबू.

त्या आठवड्याला आता नऊ वर्षं झाली. ती घार गच्चीवरच्या मोठ्या जाळीत आहे.

कायद्याने वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता. 1972 च्या कायद्यात ते स्पष्ट लिहिलंय. असा प्राणी हाती आला तर 48 तासांत पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं. आम्ही प्रत्येक वेळी कळवलं. नव्याने काम करू पाहणाऱ्यांना सांगतो, पहिला फोन वनखात्याला, फोटो नंतर. वनखात्याच्या कागदावर ही घार आमच्याकडे ‘तात्पुरती’ आहे. ‘मालमत्ता’ या शब्दाचा आम्हाला पूर्वी राग यायचा. उत्तर प्रदेशात अमेठीकडे एका शेतकऱ्याने पाय मोडलेला सारस बरा केला, तो मोकळा असूनही त्याच्याबरोबर राहिला, गाडीमागे उडत जायचा. 2023 मध्ये खात्याने तो नेला आणि शेवटी तो कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात पोचला. तेव्हा सगळा देश शेतकऱ्याच्या बाजूने होता, आम्हीही. नंतर विचार केला तेव्हा जाणवलं की खातं म्हणत होतं ‘सरकारचा’, लोक म्हणत होते ‘त्याचा’. षष्ठी विभक्तीवर दोघांचं एकमत होतं.

याउलट एक गोष्ट, जिच्यावर पुस्तक कधी होणार नाही. आमच्या निफाड-सिन्नरकडे, तिकडे जुन्नरकडे, ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडतात. मजुरांना वाटतं आई सोडून गेली. पूर्वी ती पिल्लं उचलून नेत आणि जन्मभर पिंजऱ्यात ठेवत. आता वनखातं, जाणकार मंडळी, पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवून लांब होतात. रात्री आई येते, मानेला धरून एकेक घेऊन जाते. कॅमेऱ्यात दिसतं ते एवढंच: एक सावली, रिकामं खोकं. यात नायक कोण? कुणी नाही. नाव ठेवलेलं नाही, दूध पाजलेलं नाही. आमच्याकडे दर पावसाळ्यात घरट्यातून उतरलेली पक्ष्यांची पिल्लं घेऊन मुलं येतात, त्यातली बरीचशी अनाथ नसतात, उडायला शिकत असतात. आई जवळच्या फांदीवर ओरडत असते. ‘जिथून आणलंस तिथे ठेवून ये’ म्हटलं की मुलांचे चेहरे पडतात. काहीतरी करायचं होतं ना त्यांना. आम्हालाही तेच करायचं होतं.

आम्ही दोघं आता पंचाहत्तरीच्या पुढे आहोत. नवीन प्राणी घेणं तीन वर्षांपूर्वी बंद केलं. पिंजरे, इन्क्युबेटर, सगळं वनखात्याच्या उपचार केंद्राला दिलं. घार राहिली. माणसाच्या हाती असलेली घार पंधरा-वीस वर्षं सहज काढते, म्हणजे ती आमच्यानंतर राहण्याचा संभव पुष्कळ आहे. केंद्रातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या आहेत, आम्ही नेऊ. त्या आमच्या विद्यार्थ्याची मुलगी. मागच्या महिन्यात त्यांनी घारीला दोन दिवस नेऊन पाहिलं, सवय होते का ते बघायला. आम्हाला वाटलं ती खाणार नाही, बुजेल. पहिल्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला, सगळं व्यवस्थित खाल्लं, शेजारच्या पिंजऱ्यातल्या घारींकडे बघून ओरडतेय. आमच्यातल्या एकाला फार बरं वाटलं. दुसऱ्याला वाईट वाटलं. आणि यावेळी, खरं सांगतो, बरं कुणाला वाटलं आणि वाईट कुणाला, हे आमचं आम्हालाही नीट ठरवता आलं नाही.

ती परत आली आहे, पावसाळ्यानंतर न्यायचं ठरलंय. प्रश्न असतील तर विचारा, सातपर्यंत आहोत.